पटुक्याचे तीन वेढे

मी एक पटुका बोलतोय. नेपाळच्या डोंगराळ भागात बायका कंबरेला लांबलचक सुती कापड गुंडाळतात, तोच. माझा जन्म दोलखातल्या एका हातमागावर झाला. मनोहर दाइंच्या, म्हणजे मनोहरदादांच्या, बॅगेतून मी अ‍ॅमस्टरडॅमला आलो. इथे झुइडओस्ट भागातल्या एका हॉलमध्ये ते नेपाळी नाटक मंडळी चालवतात.

दशैंला, तिहारला, म्हणजे तुमच्या दसरा-दिवाळीला, मी नाचात असायचो. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका! पण माझं खरं काम कचहरीत. कचहरी म्हणजे प्रेक्षकांनी मध्येच अडवायचं नाटक. सुनेचा छळ चाललेला असतो, नवऱ्याने तिचा पासपोर्ट काढून घेतलेला असतो. कुणीतरी ‘थांबा’ म्हणून उठतं, तिचा पटुका, म्हणजे मला, कंबरेला बांधतं आणि तिच्या जागी आपण काय केलं असतं ते करून दाखवतं.

कितीतरी जणांनी मला बांधलं, पुरुषांनीसुद्धा. ‘पासपोर्ट हिसकावून घ्यायचा आणि सरळ निघून जायचं!’ दुसऱ्याच्या संसारात उपाय किती पटकन सुचतात.

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी दुपारी अस्मिता उठली. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन इथे आलेली. नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता. सगळे मला सात वेढे देऊन आवळतात. तिने तीनच दिले, तेही सैल, श्वास रोखून. डाव्या बरगडीखाली सूज होती. ती फक्त मला कळली.

“माझा पासपोर्ट द्या,” ती नाटकातल्या नवऱ्याला म्हणाली. खेळाच्या नियमाप्रमाणे त्याने नकार दिला.

“मग निदान दाराला बाहेरून कुलूप लावू नका.”

एवढं बोलून ती रडायला लागली. हॉल टाळ्यांनी दणाणला. तिचा नवराही टाळ्या वाजवत होता.

“बहिनी, पुढच्या वेळी सून तूच!” मनोहर दाइ धाकट्या बहिणीला म्हणावं तसं खुशीत म्हणाले.

शूटिंग करायला आलेल्या पुण्याच्या मंजूषाताई धावत आल्या. “कसलं रिअल केलंस गं! व्हिडिओ पाठवते तुला.”

“नको, ताई. फोन ह्यांच्याकडे असतो.”

ताई हसल्या. पोरगी लाजतेय, असं त्यांना वाटलं. मी त्यांच्यावर अजून रागावलेलो आहे, आणि स्वतःवरही. तिला निदान घट्ट धरून ठेवायला हवं होतं.

नऊ दिवसांनी अस्मिता नवऱ्याच्या मारहाणीत गेली. पोलिसांनी नवऱ्याला घरातून नेलं.

मग सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला. तीन वेढ्यांनंतर उरलेला मी तिच्यामागे जमिनीवर फरफटत होतो. तिचा हात डाव्या बरगडीवरून हलत नव्हता. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मनोहर दाइंनी आवाज बंद केला.

तेव्हापासून कचहरी बंद आहे. “परत तसलं नको,” असं सगळेच म्हणतात. आता फक्त नाच होतात, आणि त्यासाठी नवा, चमकदार पटुका आलाय. मी कपाटात मादल नावाच्या ढोलकीखाली दबून पडलोय.

दाइ, तुमचं दुःख मला कळतं. पण मला बाहेर काढा. कुणीतरी पुन्हा ‘थांबा’ म्हणेल. ती मला सैल बांधत असेल, तर टाळ्या वाजवू नका. तिला बाजूला घ्या आणि विचारा, “आज तुला घरी जायचंय का?”