लहान मापाची बेडी

मी एक जुनी बेडी आहे, मित्रांनो. मोठ्या माणसाच्या पायात मी शिरणार नाही. मला लहान मुलांसाठी घडवलं होतं.

मला घडवणारा लोहार स्वतःच गुलाम होता. मळ्याच्या मालकाने त्याला हुकूम सोडला, "पोरांच्या मापाच्या चार बेड्या कर." माप काही दिलं नाही. तेव्हा लोहाराने आपल्याच मुलीला जवळ बोलावलं, तिच्या घोट्याभोवती दोरी गुंडाळली आणि त्या मापाने मला ऐरणीवर वाकवलं. मग माझी आतली बाजू तो घासत बसला. मालक खेकसला, "दागिना घडवतोयस का रे?" लोहार घासतच राहिला.

माझी कामाची वर्षं अभिमानाने सांगावीत अशी नाहीत. त्यांतली बरीचशी एकाच मुलीच्या डाव्या पायात गेली. ती जेमतेम सात वर्षांची होती आणि मळ्यावर पाणी वाहायची. तिच्या आईला दुसऱ्या मळ्यावर विकलं होतं. आईला शोधायला ती पळाली, सापडली आणि माझ्या वाट्याला आली. ती माझ्याखाली चिंध्या कोंबायची. तिचा पाय वाढत गेला, मी मात्र तेवढीच राहिले. शेवटी मला काढलं, तेव्हा मालकाने कौतुक केलं. मुलीचं नव्हे, माझं. "लोखंड चांगलं आहे हो!"

पुढे कायदा झाला आणि गुलामगिरी संपली. मालकाच्या नातवाने त्याच जमिनीवर शाळा बांधली. मी शाळेच्या कचेरीत कागद उडू नयेत म्हणून टेबलावर पडून राहिले.

एके दिवशी इतिहासाच्या बाईंनी मला उचललं. "हे काय आहे?"

"गुरांचं असेल काहीतरी," कारकून म्हणाला.

बाईंनी मला लोहारकाम शिकवणाऱ्या सरांकडे नेलं. सरांनी एका नजरेत ओळखलं आणि माझ्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग भाषेचे सरही आले. शाळा सुटल्यावर तिघं महिनाभर एकत्र बसत होती. बाई म्हणाल्या, "मी एकटीने शिकवलं तर मुलं सनावळ्या पाठ करतील आणि विसरतील. आपण तिघांनी मिळून शिकवू."

पहिल्या दिवशी वर्गात भाषेच्या सरांनी जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दाखवली. "मुलगी पळाली आहे. वय सात. आईच्या शोधात गेली असावी." एका विद्यार्थिनीने मला हातात घालून पाहिलं आणि चटकन काढलं.

"सर, हे कुणासाठी आहे ते लोहाराला माहीत होतं?"

"आतून हात फिरवून बघ," लोहारकामाचे सर म्हणाले. "माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढचं सांगितलं. कायद्यानंतर जमीन मालकाकडेच राहिली. गुलामांची नातवंडं-पतवंडं अजून शाळेमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. फरशी पुसणारी मावशी दारात थबकली. ती त्याच खोल्यांतून कामाला येत असे. "बाई, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले. ते त्याच मालकाच्या घराण्यातले.

"मुलांच्या कोवळ्या मनावर काय परिणाम होईल, याचा विचार केलात?"

"तो घोटाही कोवळाच होता, साहेब," लोहारकामाचे सर म्हणाले.

"आमच्या घराण्याने शाळा दिली, ते नाही शिकवलंत?"

"शिकवलं," बाई म्हणाल्या. "जमीन कुणी कसली, तेही शिकवलं."

आठवड्याभरात बाईंची दुसऱ्या शाळेत बदली झाली. दोन्ही सरांच्या हातात ताकिदीची पत्रं पडली. मावशीला सांगितलं, वर्ग चालू असताना दारात उभं राहायचं नाही. पाठ बंद झाला, मुलांच्या हितासाठी म्हणे. मला तेल लावून काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं. एवढी बडदास्त माझी कधीच नव्हती.

मित्रांनो, मला जपू नका. गंजले तर गंजू द्या. पण असं काही शिकवायला कुणी उभं राहिलं, तर त्यांना जपा. आणि तुमच्या वर्गातला पाठ असा मध्येच थांबला, तर निदान "का?" एवढं तरी विचारा.

त्या वर्गात चाळीस मुलं होती. एकानेही विचारलं नाही.