कमलताईंचा कान

मान किंचित डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, सुपातले तांदूळ निवडणारी बोटं मध्येच थबकलेली. माझ्या बालपणीच्या साऱ्या संध्याकाळी आईच्या या एका मुद्रेवर टेकलेल्या आहेत. मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवर आमची पत्र्याची खोली होती. घरात रेडिओ नव्हता, टीव्ही तर दूरच. शेजारचा टीव्ही पत्र्यातून झिरपत यायचा आणि चित्रं आमची आम्ही काढायचो. आम्हा भावंडांना त्यात गाणी ऐकू यायची, आईला मात्र यंत्राची प्रकृती. "यांच्या स्पीकरचा कागद फाटत आलाय," असं म्हणून ती पुन्हा खडे वेचू लागायची. महिन्याभरात शेजारी टीव्ही दुरुस्तीला न्यायचे.

हा कान तिने मरोळच्या कारखान्यात कमावला. स्पंजने मढवलेल्या कोंदट खोलीत बसून ती नवे स्पीकर तपासायची. प्रत्येकातून एक स्वर सोडला जायचा. पाताळातल्या घुमण्यातून निघालेला तो स्वर चढत चढत सुईच्या टोकाइतका बारीक व्हायचा, आणि त्या चढणीवर कुठे एखादा कण कुरकुरला की आई लाल खूण करायची. चौथीत शाळा सुटलेली बाई, पण तिच्या लाल खुणेशी इंजिनीअरही वाद घालत नसत. त्या खुणांवर मी बी.एस्सी. झाले. घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी ताठ मानेने सांगते. ती कोणाच्या कानावर उभी आहे, हेही.

टीव्ही घ्यायचा म्हटलं की ओळखीपाळखीचे आईला, म्हणजे त्यांच्या कमलताईंना, सोबत न्यायचे. दुकानाच्या भिंतीभर पडद्यांवर मोर पिसारे फुलवत असायचे, निळे धबधबे अखंड कोसळत असायचे. आई म्हणायची, "ते मोर बंद करा हो. बातम्या लावा. माणूस माणसासारखा दिसतो का ते बघू." मग बातम्या देणारीच्या केसांत नुसता काळोख साचलाय की बट न् बट वेगळी दिसते, हे ती न्याहाळायची. शेवटी सांगायची, "आवाज लहान करा. मोठ्याने काय, कोणीही बरं बोलतं."

मुलुंडच्या या नव्या घरात आलो, आणि गेल्या हिवाळ्यात माझ्या मनात एक धास्ती शिरली. कुकरच्या शिट्टीआधीची सुरसुर आईला कळेना. कानाशी घोंगावणारा डास कळेना. टीव्हीच्या आवाजाला धार देणारी ट्रेबलची पट्टी मी मधोमध आणून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी आईने ती वाढवून उजवीकडे सरकवलेली असायची. मी पुन्हा मागे आणायचे. झाडाची पानं शेंड्यापासून झडत यावीत, तसे तिच्या कानातून वरचे स्वर झडत होते, आणि बुंध्याशी बसलेल्या तिला अजून सावली भरगच्च वाटत होती. की वाटत नव्हती, आणि ती मला कळू देत नव्हती? हा प्रश्न मला स्वयंपाकघरात, कामावर, जिन्यातही सोडत नसे.

अशात शेजारच्या सावंतकाकू आल्या. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. आता दिवसभराची सोबत टीव्हीचीच. "कमल, तू चल गे माझ्यासोबत. माका त्यातला काय कळता?" आई लगेच चपला शोधू लागली. मी मागोमाग निघाले, कोणीही बोलावलं नसताना.

दुकानात तीन संच लावले. तिसऱ्यापाशी आईची मान डावीकडे कलली, डोळे मिटले. "हाच. सगळ्यांत स्पष्ट हाच बोलतो."

"झकास पीस आहे, मावशी," विक्रेता म्हणाला.

मला मात्र त्यातला प्रत्येक 'स' पत्र्यावर फेकलेल्या वाळूसारखा लागत होता. काकू विक्रेत्याला घरचा पत्ता सांगू लागल्या. बोलले, तर चारचौघांत आईचा कान उघडा पडणार. गप्प राहिले, तर कूस बदलता न येणाऱ्या माणसावर ती वाळू रोज सकाळपासून पडत राहणार.

आईने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "भुवई का चढली तुझी?"

"कुठे काय."

"खोट काढण्यात जन्म गेलाय माझा. बोल."

"आई, हा कर्कश आहे गं. टोचतो."

तिने संचाच्या कडेवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "मला तर हाच पूर्वीसारखा ऐकू येतो," ती हळूच म्हणाली. क्षणभर दुकानातले सगळे मोर जणू थांबले. मग ती वळली. "वहिनी, पत्ता नका देऊ. माझा कान उतरलाय. पोरगी ऐकेल, तिचं घ्या."

"गप गे. तुझो कान खंय उतरता?"

"उतरला म्हटलं ना. लाल खूण केली मी त्याच्यावर." आणि मला म्हणाली, "डोळे मीट. आवाज लहान करायला सांग. घाई करू नकोस."

तिन्ही संच मी पुन्हा पुन्हा ऐकले. आई माझा चेहरा वाचत शेजारी उभी होती. मी दुसरा निवडला.

आता आईने कानाचं यंत्र घेतलंय आणि त्यातही रोज नवी खोट काढते. दुपारी भिंतीपलीकडे सावंतांचा टीव्ही लागतो. तिची बोटं सुपात थबकतात. "कसा वाजतो गं?" मी मान कलवून ऐकते. "स्वच्छ." ती पुन्हा खडे वेचू लागते. काळाने तिच्याकडून नेलेले ते बारीक, उंच स्वर परतायचे नाहीत. ते कुठे असतील तर आता फक्त पत्र्याच्या त्या खोलीतल्या संध्याकाळींत असतील. पण पलीकडे पडून राहिलेल्या माणसाला दिवसभर ऐकावा लागणारा आवाज टोचत नाही. तेवढं आम्ही दोघींनी मिळून केलं.