ताणलेली टेप

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करते. मी एक जुनी टेप आहे, पण गाणी वाजवणारी नव्हे. कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात असते ना, माप घ्यायची, ती मी. गाण्याची अपेक्षा ठेवाल तर तुमचीच निराशा होईल.

माझा जन्म कारखान्यात झाला. कापडाच्या लांब पट्टीवर पिवळा लेप बसला, त्यावर काळे आकडे उमटले आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या चढल्या. आम्ही साऱ्या बहिणी गुंडाळ्या होऊन एका डब्यात बसलो होतो. तिथून मला उचललं आमच्या बाईंनी. तेव्हा त्यांच्याकडे एकच शिवणयंत्र होतं आणि गिऱ्हाइकं म्हणजे शेजारपाजारच्या दोघीचौघी. पुढे असा जम बसला की दुकानाला मोठी काच आली, कापडासाठी लांबलचक टेबल आलं, यंत्रावर बाईंची नणंद बसू लागली. कोट शिवावा तर बाईंनीच, असं लोक म्हणत. गिऱ्हाईक चिडलं, वीज गेली, तरी बाईंच्या कपाळावर आठी नसे. "होईल हो, काळजी करू नका," म्हणून त्या हसत आणि मला खांद्यावर नीट करत. मला केवढा अभिमान वाटे!

पण मी पडले गळ्यात राहणारी. छातीवर रुळणारी. आतलं मला ऐकू येई. ओठ "काळजी करू नका" म्हणत, तेव्हा आत नुसती धडधड चाललेली असे.

कापड कापायची वेळ आली की बाई म्हणत, "इस्त्री तापली का बघते," आणि मागच्या खोलीत जात. इस्त्री थंडच असे. तिथे त्या मला गळ्यातून काढत, दोन्ही मुठींना गुंडाळत आणि करकचून ओढत. डोळे मिटून पुटपुटत, "आज चुकणार. आज माझं पितळ उघडं पडणार." मला काही कळतच नसे. पितळ तर माझ्या टोकांना होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून उघडंच होतं! कोट झकास होई. लोक वाखाणत. बाईंना मात्र वाटे, या वेळी थोडक्यात निभावलं, पुढच्या वेळचं काही खरं नाही. मग तोंडावर पाणी मारून त्या हसऱ्या चेहऱ्याने बाहेर येत. घामाने माझे आकडे पुसट होत चालले. नणंद कौतुकाने म्हणे, "वहिनी, किती राबली हो तुमची टेप!" खरं कारण सांगणार कसं? मला कुठे तोंड होतं?

एकदा एक तरुण वकीलबाई आल्या. कोर्टात पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या, त्यासाठी कोट हवा होता. नेमक्या तेव्हा आमच्या बाई मागच्या खोलीत होत्या, मला मुठीत आवळून. काही केल्या बाहेर येववेना. शेवटी नणंदेनेच आपल्या कोऱ्या टेपने माप घेतलं. कापड मात्र बाईंनी नेहमीसारखं माझ्यावरूनच कापलं.

तयार कोट घालून वकीलबाई आरशासमोर उभ्या राहिल्या. बाह्या बोटांवर आल्या होत्या, खांदे ओघळले होते. "मीच आक्रसले की काय?" त्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"माप तर बरोबर होतं," नणंद गोंधळून म्हणाली. तिने आपली टेप टेबलावर पसरली, मला शेजारी ठेवलं. तोच आकडा माझ्यावर पार पुढे सरकला होता. आजवर मापही मीच घेई आणि कापडही माझ्यावरूनच कापलं जाई, म्हणून माझी लबाडी झाकून राहिली होती.

"अगंबाई! वहिनी, ही तर ताणलीये. नुसती गळ्यात तर असते. एवढा ताण दिला कुणी हिला?"

बाईंना "होईल हो" म्हणता आलं असतं. ओठ हललेही. पण त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "मागे जाऊन ओढते. मला भीती वाटते गं. प्रत्येक कोटाची वाटते. अगदी पहिल्यापासून." आणि त्या रडू लागल्या.

नणंद त्यांच्याजवळ खाली बसली. "आणि मी मनात म्हणायचे, वहिनींची इस्त्री तापायला केवढा वेळ घेते!"

रडता रडता बाईंना हसू फुटलं. वकीलबाईंनी त्या लांब बाहीनेच डोळे टिपले. "मला वाटलं, अशी भीती एकट्या मलाच वाटते," त्या म्हणाल्या.

कोट सैल होता, म्हणून बरं. आत घेता आला. आखूड झाला असता तर काही इलाज नव्हता.

नणंद मला टाकून देणार होती. बाई नको म्हणाल्या. आता मापाला नवी टेप आहे आणि मी मागच्या खोलीत खिळ्यावर असते. बाईंची भीती गेलेली नाही, मित्रांनो. पण हल्ली त्या इस्त्रीचं नाव सांगत नाहीत. "जरा मागे येतेस का?" म्हणतात. नणंद हातातलं काम ठेवून येते आणि माझं एक टोक धरते. दुसरं बाईंच्या हातात. ओढत कुणीच नाही. बाईंचा श्वास खाली बसेपर्यंत मी दोघींच्या मध्ये सैल लोंबत राहते. इतकं सुख मला नवी असतानाही मिळालं नव्हतं.

तुमच्याही घरात असं कुणी असेल. कधी न चुकणारं, सगळ्यांना "काळजी करू नका" सांगणारं. त्यांची इस्त्री तापायला फार वेळ लागत असेल, तर एकदा मागच्या खोलीत जाऊन बघा.