करड्या पुठ्ठ्याचा फोटो

सोइलाला जाऊन वर्ष व्हायला अकरा दिवस उरले होते आणि कोनाड्यावरच्या पाटीत तिचा फोटो अजून बसला नव्हता. नाव कोरलेलं होतं, दोन्ही तारखा होत्या. नावाच्या वरची लंबगोल खाच तेवढी रिकामी होती. ग्वालासेओ गावच्या दफनभूमीत त्या भिंतीला शवपेट्या ठेवून बंद केलेल्या कोनाड्यांच्या सहा ओळी आहेत आणि सगळ्या कोनाड्यांना चेहरे आहेत. चौथ्या ओळीत एकच खाच रिकामी, आणि ती गावातल्या फोटोग्राफरच्या बायकोची.

सोइलाची थोरली बहीण ओतीलिया दर रविवारी चर्चमधून परस्पर त्याच्या घरी यायची आणि हे त्याला ऐकवायची.

"ओल्मेदो, गावातल्या सगळ्या पोरींचे फोटो काढलेस तू. माझ्या बहिणीचा एक सापडत नाही?"

"सापडतायत. चांगला सापडत नाही."

"तिच्यात वाईट काय होतं?"

"तिच्यात नाही. फाइलीत."

"फाइलीत," ओतीलिया म्हणाली. "वर्षभर तुझं हेच. चर्चमध्ये वर्षाच्या मिस्सेला, प्रार्थनेला, सगळे येतील. कुएंकाहून मावशी येणार. त्यांना काय फाइल दाखवणार आहेस?"

 तिला सांगून कळलं नसतं असं नाही. पण सांगायचं म्हणजे चूक कबूल करायची होती.

गोष्ट साधी होती. कॅमेऱ्यात फोटो दोन तऱ्हेने ठेवता येतो. एक रॉ. त्यात जेवढा उजेड आत आला तेवढा सगळा जसाच्या तसा राहतो. फाइल मोठी होते, दिसायला मळकट दिसते, आणि नंतर बसून तिच्यातून फोटो काढावा लागतो. दुसरी तऱ्हा जेपेगची. त्यात कॅमेराच काय ते ठरवतो, फोटो तयार करून देतो आणि उरलेलं टाकून देतो. फाइल छोटी, काम झटपट. टाकलेलं मात्र परत मिळत नाही.

पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे समारंभ, लग्नं, बारशी, हे सगळं ओल्मेदो रॉमध्ये काढायचा. गिऱ्हाइकाचा चेहरा अंधारात गेला तर वर आणता आला पाहिजे. घरचे फोटो मात्र तो जेपेगमध्ये काढायचा, तेही सगळ्यात लहान आकारात. कार्डावरची जागा कामासाठी ठेवायची. सोइलाच म्हणायची, "माझ्यावर कशाला जागा घालवतोस? मी काय पळून चाललेय?"

तिचा एकच खळखळून हसतानाचा फोटो होता. भावाच्या घरी, खिडकीपाशी. बाहेर कडक ऊन होतं, त्यामुळे खिडकी पांढरीफटक आणि तिचा चेहरा काळा. ओल्मेदोने त्या फोटोवर कितीतरी दुपारी घालवल्या. चेहरा उजळायला गेला की गालावर चौकोन उमटायचे. कपाळ हिरवं व्हायचं, हनुवटी जांभळी. ती त्या काळोखात होती, हे त्याला ठाऊक होतं. पण फाइलीत नव्हती.

तो फोटो घेऊन तो हेर्वासिओकडेही जाऊन आला होता. हेर्वासिओ चिनी मातीच्या तबकड्यांवर फोटो भाजून द्यायचा. भिंतीवरचे निम्मे चेहरे त्याच्या भट्टीतून निघालेले. त्याच्याकडे नवीन प्रोग्रॅम होता. त्याने फोटो आत टाकला आणि थोड्या वेळाने पडदा ओल्मेदोकडे फिरवला. चेहरा स्वच्छ झाला होता. दात एकसारखे, गाल गुळगुळीत, डोळ्यांत चमक.

"बघा मास्तर. दहा वर्षांनी लहान केली तुमच्या बायकोला."

ओल्मेदोने बराच वेळ पाहिलं. "बाई चांगली आहे," तो म्हणाला. "मी ओळखत नाही तिला."

"सगळ्यांना आवडतं हे."

"मलाही आवडली. पण कोनाड्यात ती नाहीये."

हेर्वासिओने पडदा परत वळवला. "पुढच्या शनिवारपर्यंत आणा काहीतरी. भट्टी शनिवारी लागते. नंतर लागली तर मिस्सेला पोचणार नाही."

खरी चूक याच्याही पुढची होती, आणि ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

सोइला त्याच्याबरोबर प्रत्येक कामाला जायची. पिशव्या उचलायची, पोरींचे झगे नीट करायची, रडणाऱ्या आयांना पाणी द्यायची. आणि सगळ्यात आधी, पोरगी तयार होऊन बाहेर यायच्या आत, ती पोरीच्या जागी उभी राहायची. हातात करड्या रंगाचा पुठ्ठा धरायची, हनुवटीच्या खाली. ओल्मेदो एक फोटो काढायचा. नंतर कॉम्प्युटरवर त्या पुठ्ठ्यावरून रंग जुळवता यायचे. पुठ्ठा करडा दिसला की बाकीचं सगळं जसं होतं तसं दिसतं. त्यामुळे प्रत्येक कामाची पहिली फ्रेम सोइलाची असायची. रॉमध्ये. अकरा वर्षं, दर शनिवारी. तो फोटो आहे असं दोघांच्याही मनात कधी आलं नाही. ते माप होतं.

ओल्मेदोचा नियम होता की अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडला की फोल्डरच्या नावापुढे 'दिलं' असं लिहायचं आणि जमलं की 'दिलं'वाले रॉ पुसून टाकायचे. डिस्का भरत. पण तो आळशी होता, वर्षानुवर्षं पुसायचा राहायचा. सोइला गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात, घरात करायला काहीच नव्हतं म्हणून, एका सकाळी तो बसला आणि त्याने सगळी सफाई केली. 'दिलं' शोधलं, सगळं निवडलं, पुसलं. दुपारपर्यंत डिस्का जवळजवळ रिकाम्या. त्याला बरंही वाटलं होतं, काहीतरी उरकल्यासारखं.

पहिल्या फ्रेमा आठवल्या तेव्हा त्या जागेवर नवीन फोटो भरले गेले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवस ठेवून डिस्क परत केली आणि मान हलवली. उरले होते ते शेवटच्या दीड वर्षातले फोल्डर; तिच्या आजारपणात त्यांच्यापुढे 'दिलं' लिहायचं राहून गेलं होतं. त्यांत ती होती, पण डोक्याला रुमाल बांधलेली, गालाची हाडं वर आलेली. पुठ्ठा धरलेला हात मनगटापाशी काठीसारखा. ते फोटो त्याने एकदा पाहिले आणि पुन्हा उघडले नाहीत. लोकांनी तिला अशी लक्षात ठेवावी हे त्याला नको होतं.

तेव्हापासून तो कामंही जेपेगमध्येच काढू लागला होता. रॉ काढला की नंतर बसून ठरवावं लागतं. आणि ठरवताना सोइला शेजारी बसलेली असायची. "एवढी गोरी नको करूस तिला, तिची आई हसेल," असं म्हणायला.

अकरा दिवस उरलेल्या त्या रविवारी ओतीलियाने बोलणं संपवलं आणि फडकं घेतलं. तिला बसवत नसे. कपाटावरची धूळ पुसताना तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक अल्बम खाली ओढला.

"हे कुणाचं बाई? कोळी राहायला आलेत यात."

"मिर्यान सारांगोचा. पंधराव्या वाढदिवसाचा. न्यायलाच आले नाहीत. बाप न्यूयॉर्कला छपरं घालायच्या कामावर होता, त्याने मायलेकींना बोलावून घेतलं."

"कधीची गोष्ट?"

"चार वर्षं होतील ऑगस्टात." एवढं बोलून ओल्मेदो थांबला.

"काय झालं?"

"न्यायला आले नाहीत," तो पुन्हा म्हणाला.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला. ओतीलिया फडकं हातात धरून उभी राहिली. जुन्या डिस्कवर एकच फोल्डर होतं, नावापुढे 'दिलं' न लिहिलेलं. पहिली फाइल त्याने उघडली तेव्हा पडद्यावर जवळजवळ काळं दिसत होतं. त्या दिवशी घाईत कॅमेऱ्याचे आकडे चुकले होते, उजेड फारच थोडा आत आला होता.

"यात तर कुणीच नाही," ओतीलिया म्हणाली.

"थांब."

त्याने उजेड हळूहळू वर ओढला. आधी पुठ्ठ्याचा चौकोन आला. मग बोटं. मग निळा स्वेटर, कोपराला रफू केलेला. मग चेहरा. चौकोन नाहीत, हिरवं नाही. सोइला सारांगोंच्या अंगणात उभी होती, भरलेली, धडधाकट. उन्हामुळे एक डोळा मिटलेला. ती हसत नव्हती. ती त्याच्याकडे, 'आटप आता' म्हणताना बघायची तशी बघत होती.

ओल्मेदोने पुठ्ठ्यावर खूण टेकवली. रंग सरकले आणि जागेवर बसले. त्याला वाटलं होतं ती याहून लालसर होती. वर्षभरात त्याने मनात तिला लाल करून टाकलं होतं. ती तशी नव्हती. ती गव्हाळ होती, थोडी पिवळट, आणि कानाजवळ एक तीळ होता जो तो पार विसरला होता.

"पिवळं जास्त झालं का?" त्याने मागे न बघता सवयीने विचारलं.

ओतीलियाला वाटलं तिलाच विचारलं. "मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली. मग पुढे वाकली. "अरे पण हे काय? तुरुंगातल्या बाईसारखी पाटी धरून उभीये. आणि हसत पण नाहीये. ओल्मेदो, हे नाही लावायचं कोनाड्यावर. लोक काय म्हणतील?"

"तो पुठ्ठा आहे."

"कापून टाक ना मग. नुसता चेहरा घे."

कापता आलं असतं. त्याने चौकट चेहऱ्यापुरती आवळून पाहिली. चेहरा आला, पण मग कळेना की ही बाई एक डोळा मिटून कुणाकडे आणि का बघतेय. त्याने चौकट पुन्हा सोडली.

"तिच्या गालाला काय झालंय?" ओतीलियाने विचारलं. "सुजलाय का?"

ओल्मेदोने तो भाग मोठा केला. उजवा गाल फुगलेला होता. ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी चकाकत होतं.

"डुकराचं मांस आहे. सारांगोंनी भट्टीत भाजलं होतं. आम्ही पोचलो तेव्हाच बाहेर काढत होते."

"म्हणजे पोरगी घरातून बाहेर यायच्या आत हिने खाल्लं?"

"पोरीच्या आजीनेच दिली बशी."

"आजीने दिली म्हणे. हिने मागितली असणार." ओतीलिया खुर्चीवर बसली. ही खुर्ची सोइलाची होती आणि वर्षभरात तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. "लहानपणी पण असंच. पाहुण्यांच्या आधी हिची बशी. मी मार खायचे." तिने फडक्याने डोळे पुसले, मग फडक्याकडे बघितलं. "धूळ गेली डोळ्यात."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला नाही आवडलेला हा फोटो. सांगून ठेवते."

"बरं."

"पण तीच आहे."

जाताना तिने सारांगोंचा अल्बम पिशवीत घातला. तिची भाची पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कला जाणार होती, ती पोचवेल म्हणाली. ओल्मेदोने नको म्हटलं नाही. अल्बम पोरीचाच होता. ओतीलिया गेल्यावर त्याने फोल्डरच्या नावाकडे पाहिलं. त्यापुढे काही लिहिलं नाही.

हेर्वासिओच्या भट्टीला रॉ चालत नाही, जेपेगच लागतं. एकदा ठरवून द्यावंच लागतं. ओल्मेदोने सगळ्यात चांगल्या प्रतीवर खूण केली आणि तरीही बटण दाबायला त्याला वेळ लागला. शुक्रवारी तो फाइल घेऊन गेला.

"पुठ्ठा ठेवायचा?" हेर्वासिओने विचारलं.

"ठेवायचा."

"नक्की? एकदा भाजलं की बदलता येत नाही, मास्तर."

"माहीत आहे मला."

मिस्सेच्या आदल्या दिवशी गवंड्याने तबकडी खाचेत बसवली, कडेचं सिमेंट बोटाने पुसलं आणि शिडी घेऊन गेला. ओल्मेदो खाली उभा होता. भिंत सावलीत होती आणि सोइलाचा चेहरा त्याला निळसर दिसत होता.  रंग चुकला, असं त्याला वाटलं.

सगळ्यात खालच्या ओळीतल्या नवऱ्यासाठी फुलं घेऊन आलेली एक म्हातारी वर बघत थांबली. "ही काय धरून उभीये हो?"

"उजेडासाठी आहे ते, आजी."

"उजेडासाठी?"

"उजेड कसा आहे ते कळतं त्यावरून."

म्हातारीला ते पटलं असावं. तिने फुलं ठेवली, बाटलीतलं पाणी घातलं आणि निघून गेली.

भिंतीवर अकराच्या सुमाराला ऊन येतं हे त्याला ठाऊक होतं. तो समोरच्या पायरीवर बसून राहिला. ऊन पहिल्यांदा सहाव्या ओळीवर आलं, मग पाचव्या, मग हळूच चौथ्या ओळीवर उतरलं. पुठ्ठा करडा दिसू लागला. साधा, कशाचीही झाक नसलेला करडा. त्याच्यावर तिचा चेहरा होता, एक डोळा मिटलेला, गाल फुगलेला.

"बरोबर आहे," ओल्मेदो म्हणाला. पायऱ्यांवर दुसरं कुणी नव्हतं. तो आणखी थोडा वेळ बसला, ऊन तिसऱ्या ओळीवर उतरेपर्यंत.