उघडी सुनावणी

डॉ. ऑस्टरहाउसनी माझा शरीररचनेचा पेपर टेबलावर ठेवला, त्यावर तळहात दाबला आणि म्हणाले, "ब्रिन, हे मार्क तुझे वाटत नाहीत."

मी वाकून बघितलं. नाव माझंच होतं. ब्रिन हाव्रानेक. अक्षरही माझंच, कोंबडी नाचून गेल्यासारखं. वर लाल शाईत चौऱ्याण्णव.

"मग कुणाचे वाटतात, सर?"

असं बोलायला नको होतं, हे मला नंतर बऱ्याच जणांनी ऐकवलं. मला अजूनही तसं वाटत नाही.

"मागच्या परीक्षेत तुला चौसष्ट होते," सर बोटं मोजत म्हणाले. "ही परीक्षा तू इथे लिहिली नाहीस. विस्कॉन्सिनला स्पर्धेला गेलीस तेव्हा हॉटेलच्या खोलीत लिहिलीस. खोलीत तुमच्या कुस्तीच्या मुली होत्या. मी आरोप करत नाही हं. पण हे जुळत नाही."

आरोप करत नाही म्हणणारा माणूस नेमकं तेच करत असतो.

आमच्या टॅमरॅक कॉलेजात परीक्षेला पहारा नसतो. पेपर वाटून प्राध्यापक निघून जातात. शेवटच्या पानावर 'मी मदत घेतली नाही, दिली नाही' असं लिहून आपण सही करायची. कुणी गावाबाहेर असेल तर त्याला बंद पाकीट मिळतं आणि बंद पाकीटच परत येतं. पहिल्या वर्षी सगळ्या नव्या पोरांना उभं करून ही शपथ देतात आणि सांगतात, इथे तुमच्या शब्दाला किंमत आहे. मी तेव्हा खरंच भारावले होते. मोठ्या विद्यापीठातली फुकट शिक्षणाची जागा सोडून मी आयोवातल्या या मक्याच्या शेतांमधल्या हजार पोरांच्या कॉलेजात आले, त्याला हेही एक कारण होतं.

"दोन मार्ग आहेत," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ. "शनिवारी सकाळी माझ्यासमोर बसून दुसरा पेपर लिही. नाहीतर या परीक्षेचे शून्य घे, विषय इथेच मिटवू. शून्य घेऊनही तू पास होतेस, मी हिशेब केलाय."

"शनिवारी आमची विभागाची स्पर्धा आहे, सर. माझी शेवटची."

"अरेच्चा. मग शून्यच सोयीचं पडेल."

माणूस वाईट नाही, हेच तर दुखणं. थंडीत वर्गाला बायकोच्या हातचा भोपळ्याचा केक आणतात. कॉलेजच्या कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसतात. कुस्ती मात्र चार वर्षांत एकदाही बघायला आले नाहीत.

"आणि दोन्हीला नाही म्हटलं तर?"

"तर सचोटी मंडळाकडे जावं लागेल. तिथे दोषी ठरलीस तर हे सत्र गेलं. स्पर्धाही गेली." त्यांनी चष्मा काढला. "कशाला ते?"

"मंडळ चालेल मला," मी म्हटलं आणि पेपर तिथेच ठेवून निघाले.  

आमच्या कुस्तीच्या कोच डेलगाडो सरावाच्या खोलीत गादी पुसत होत्या. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पोछा भिंतीवर फेकून मारला.

"नालायक लेकाचा!" त्या म्हणाल्या. मग दोन-चार श्वास घेऊन शांत झाल्या. "शून्य घे."

"काय?"

"घे शून्य. पास होतेयस ना? शनिवारी पाच पोरींची पाठ टेकव, गळ्यात पदक घाल आणि त्या पदकासकट त्याच्या वर्गात जाऊन बस. बास."

"शून्य घेतलं म्हणजे मी चोरी केली, असंच झालं ना, कोच?"

"कागदावर तसं कुठेच येणार नाही."

"जेवणाच्या हॉलमध्ये येईल. तिथे आत्ताच पोचलं असेल."

पोचलं होतंच. आमच्या हॉलमध्ये कॉयरचं टेबल खिडकीशी, फुटबॉलवाल्यांची तीन टेबलं मध्ये आणि आम्ही कुस्तीच्या पोरी उष्टे ट्रे ठेवतात तिथे. मी सॅलडची ताटली घेऊन आले तर मधल्या टेबलावरचा एक रेडा ओरडला, "ए ब्रिन, माझ्या गणिताचं पण बघ की! हॉटेलचा खर्च माझ्याकडे!" सगळे फिदीफिदी हसले.

"तुझं गणित देवालाही जमायचं नाही," मी म्हटलं. आणि आमच्या टेबलावर जाऊन बसले.

माझी खोलीतली जोडीदार टेगन, उजवा हात झोळीत अडकवलेला, डाव्या हातानं राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्यात दालचिनीचा गोड रोल बुडवून, इकडच्या पद्धतीनं, खात होती. डिसेंबरमध्ये सरावात तिचा खांदा निखळला होता. ऑपरेशन झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिचा हात धरून व्यायाम करून घ्यायचे आणि कुठला स्नायू कशासाठी ओढतोय ते दोघी मिळून पुस्तकात शोधायचो. परीक्षेत निम्मे प्रश्न खांद्यावर आले. चौऱ्याण्णवचं गुपित म्हणाल तर एवढंच.

"अगं, मग हेच सांग की मंडळापुढे!" टेबलाच्या टोकाला येऊन बसलेल्या कोच म्हणाल्या. "मैत्रिणीची सेवा करता करता शिकले म्हणावं. पोरं रडतील."

"माझा खांदा वापर," टेगन म्हणाली. "भाडं घेणार नाही. हवं तर कण्हूनही दाखवते."

"नाही सांगणार."

"का गं बाई?"

"अभ्यास केला म्हणून मार्क पडले, एवढं पुरत नाही का? वर्गातल्या दुसऱ्या कुणाला विचारतात का, तुला का पडले म्हणून? मला मार्क मिळायला काय कुणाचा तरी खांदा मोडायला हवा?"

कोचनी कपाळाला हात लावला.  टेगननं उरलेला रोल माझ्यापुढे सरकवला. शनिवारी वजनगटात बसायचं म्हणून मला तो चालणार नव्हता. मी नुसता वास घेतला.

सचोटी मंडळ म्हणजे पाच विद्यार्थी. अध्यक्ष ॲन्सन वीबे, तत्त्वज्ञानाचा, रोज बो टाय लावणारा. तो मला ग्रंथालयात भेटला.

"सुनावणी बंद दारामागे की उघडी, हे तू ठरवायचंस," तो म्हणाला. "बंद लिहितो. सगळे बंदच घेतात."

"उघडी लिही."

"ब्रिन, उघडी म्हणजे कुणीही येऊ शकतं."

"तेच तर हवंय मला."

"आजवर कुणी मागितलेली नाही."

"आजवर सगळ्यांना लाज वाटली असेल. मी काही केलेलंच नाही, तर मी कशाला दारं बंद करू?"

त्यानं बो टाय चाचपला आणि लिहिलं.

गुरुवारी जेवणानंतर सुनावणी होती. ग्रंथालयातल्या खोलीत पन्नास माणसं मावत नाहीत, आणि आली चारशेच्या वर. शेवटी सगळा लवाजमा जेवणाच्या हॉलमध्येच हलवला. मंडळाचे पाच जण सॅलडच्या काउंटरपुढे टेबल टाकून बसले. फुटबॉलवाले, कॉयरवाले, नाटकवाले, स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा दारात उभ्या. सगळीकडे दालचिनीचा वास, आणि मी सकाळपासून फक्त दोन अंडी खाल्लेली. गादीवर उतरताना मला कधी भीती वाटत नाही. तिथे मात्र वाटली.

सर उभे राहिले. बंद खोलीत हेच बोलायला त्यांना किती सोपं गेलं असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चौसष्टचे चौऱ्याण्णव झाले, म्हणाले. हॉटेल म्हणाले. खोलीत इतर मुली होत्या, म्हणाले. एवढं बोलून थांबले आणि कागद उलटा केला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं. ॲन्सननं टेबलावर चमचा आपटला.

"ब्रिन, तुला काही सांगायचं आहे?"

कोच डोळ्यांनी खुणावत होत्या. खांदा, खांदा. मी तिकडे बघितलंच नाही.

"मी अभ्यास केला," मी म्हटलं. "सांगायचं एवढंच. सरांना विचारायचं मात्र आहे."

"विचार."

"सर, आपल्या वर्गातल्या किती जणांनी ही परीक्षा कॉलेजबाहेर लिहिली?"

"पाच."

"बाकीचे चार कोण?"

त्यांनी खिडकीशेजारच्या टेबलाकडे बघितलं. "कॉयरचे. मिनेसोटाच्या दौऱ्यावर होते."

"त्यांनी कुठे लिहिली?"

"बसमध्ये, मला वाटतं."

"बसमध्ये ते एकटे होते?"

हॉलमध्ये खसखस पिकली. सर लाल झाले. "नाही. सगळा कॉयर होता."

"त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही बोलावून घेतलंत?"

सरांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. मी थांबले. गादीवर समोरचा हलत नाही तोवर आपण हलायचं नाही, हे मला येतं.

तेवढ्यात खिडकीपाशी खुर्ची सरकली. सोलवेग नेस उभी राहिली. कॉयरमध्ये एकटीनं गाते ती. चार वर्षांत आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे 'मीठ दे' एवढंच.

"मला मागच्या वेळी सत्तर होते," ती म्हणाली. "या वेळी सत्त्याण्णव. मी बसमध्येच लिहिली. माझ्या डावीकडे, उजवीकडे, मागे, सगळीकडे मुलं होती. मला सरांनी 'शाब्बास' असं लिहून पाठवलं." तिनं सरांकडे बघितलं. "मला वाटलं, सगळ्यांनाच पाठवलं असेल."

ती खाली बसली. 

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ॲन्सन, मी तक्रार मागे घेतो."

टाळ्या पडल्या. टेबलं बडवली गेली. कोचनी मला मागून मिठीच मारली. "सुटलीस गं! चल, झोपायला चल. शनिवार आहे."

"तक्रार मागे घेतली म्हणजे सुनावणी संपली," ॲन्सन म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला.

"नाही संपली," मी म्हटलं.

"ब्रिन!" कोच कानाशी फिसकारल्या. "जिंकलेली कुस्ती आहे. पुरे आता!"

"जिंकलेली नाही, सोडलेली आहे." मी त्यांचे हात सोडवले. "मागे घेतली म्हणजे काय, सर? उद्या लोक म्हणतील, आरडाओरडा केला म्हणून मिटवलं. तुमच्याकडे माझ्याविरुद्ध काय आहे, ते सांगा."

सर पुटपुटले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, सर."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. मला क्षणभर त्यांची दया आली, पण मी ती गिळली.

"काही नाही," ते म्हणाले. या वेळी मोठ्यानं. "माझ्याकडे काहीही नाही. तू कुस्ती खेळतेस, एवढ्यावरून तू कॉपी केलीस असं मी धरून चाललो."

"आता मत घ्या," मी ॲन्सनला म्हटलं.

"तक्रारच नाही, तर मत कशावर घेऊ?"

"माझ्यावर. मला 'निर्दोष' हा शब्द हवाय. तो तुमच्या तोंडून हवाय, आणि इथे हवाय."

"आणि मत विरुद्ध गेलं तर? सत्र जाईल. शनिवार जाईल."

"जाऊ दे."

कोच मटकन खुर्चीत बसल्या. पाच जणांनी एकमेकांकडे बघितलं. ॲन्सननं घसा खाकरला. "निर्दोष म्हणणाऱ्यांनी हात वर करा." स्वतःचा हात त्यानं पहिला वर केला. मग दुसरा, तिसरा, चौथा. टोकाला बसलेल्या रिव्हा डॉर्नबुशनं हात मांडीवरच ठेवला.

"चार विरुद्ध एक. ब्रिन हाव्रानेक निर्दोष."

मग काय, नुसता गोंधळ. फुटबॉलच्या रेड्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला. एकाचा हात मी असा काही पिरगळला की त्यांनी नाद सोडला. स्वयंपाकघरातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. टेगन एका हातानं टेबल बडवत होती. मला रडू येत होतं आणि मी येऊ देत होते.

पण रिव्हा कोट चढवून निघाली होती. मी गर्दीतून वाट काढून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तुझं मत तुझं," मी म्हटलं. "बदल म्हणत नाही. कारण तेवढं सांग."

तिचा चेहरा पांढरा पडला. "कारण द्यायचा नियम नाही."

"नियम नाहीच. मी विचारतेय."

तिनं कोटाचं बटण लावलं, परत काढलं. "मागच्या वर्षी मी हाच विषय घेतला होता," ती हळूच म्हणाली. "पुस्तक तोंडपाठ केलं होतं. सगळ्या सुट्ट्या घालवल्या. मला एकोणसत्तर पडले."

"मग?"

"मग काही नाही."

"तुला एकोणसत्तर पडले, म्हणून मी चोर?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. आमच्या भोवतीची माणसं वळून बघायला लागली. कोच हाका मारत होत्या, ब्रिन, चल आता, वजन, झोप, शनिवार. मी हलले नाही. सगळा हॉल ऐकत होता आणि सरांसारखं तिच्याही तोंडून, सगळ्यांसमोर, मला उत्तर हवं होतं.