दोघांच्याही गोळ्या

बाबांच्या साखरेच्या गोळीचा खर्च निम्म्यावर आणायचा शोध माझा. शोध कसला, डॉक्टरीणबाईंना तोंड उघडून विचारलं, एवढंच. त्यांनी दुसऱ्या कंपनीची गोळी लिहून दिली. "औषध तेच आहे. ही सुरू केली की जुनी बंद," म्हणाल्या. बाबा म्हणजे माझे सासरे. ते शेजारीच बसले होते, त्यांनी मान डोलावली. ते सगळ्यालाच मान डोलावतात.

नवऱ्याने मात्र नाक मुरडलं. "स्वस्तात मिळतं म्हणून काहीही खायला घालशील का?" याला चप्पलसुद्धा किंमत ऐकल्यावर आवडते. यावरून आमचं कडाक्याचं वाजलं आणि बाबा उठून गॅलरीत गेले. मी काही हटले नाही. रोज सकाळी गोळी स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ती घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची.

आठवडाही झाला नव्हता. दुपारी ताट वाढून हाक मारायला गेले, तर बाबा खुर्चीत घामाने निथळत होते. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, दार लाव ना." त्यांच्या आईला जाऊन जमाना झाला.

यंत्रावर बघितलं तर साखर पन्नासच्याही खाली. मी पाण्यात साखर कालवली आणि घोट घोट पाजायला लागले. पेला त्यांच्या दातांवर वाजत होता. "गिळा बाबा, गिळा." नवरा आतून धावत आला. "बघितलंस? सांगत होतो मी!" एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण चार पैसे वाचवायला गेले आणि माणूस घालवून बसले, हेच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "ताबडतोब घेऊन या. आणि आणखी काही घेतलंय का त्यांनी? नीट बघा."

"काही नाही हो. एक गोळी, तीही माझ्यासमोर."

फोनवर बोलता बोलता मी बाबांचा भिजलेला सदरा काढत होते. खिशातून एक पाकीट पडलं. जुन्या कंपनीच्या गोळ्या. अर्ध्या संपलेल्या.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच आणून दिल्या," तो म्हणाला. "म्हटलं, ही घेत जा आणि तिची गुपचूप टाकून द्या."

"टाकणार कशी? मी समोर उभी असायचे!"

मग दोघांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. वाटेत एकमेकांकडे बघायची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. साखर वर यायची, पुन्हा घसरायची. सिस्टर परत परत बोट टोचत होती. "दुप्पट औषध गेलंय, रात्रभर ठेवावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी पलंगाच्या या बाजूला, नवरा त्या बाजूला.

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोघांचे रडवेले चेहरे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. आमचं पुन्हा वाजलंय, असंच वाटलं असावं.

"भांडू नका रे," ते घाईघाईने म्हणाले. "दोघांच्याही गोळ्या चांगल्या आहेत."