बिरप्पाच्या पायातला बूट

मी एक फुटबॉलचा बूट, उजव्या पायातला. कलकत्त्याच्या एका गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं. बिरप्पानं मला पायात घातलं, दोन उड्या मारल्या आणि दुकानातल्या दुकानात बाकड्याला लाथ हाणली. तेव्हापासून मला स्वस्थ बसणं ठाऊक नाही.

बिरप्पा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तो स्टॉपर खेळायचा. गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, पुढं उभं राहायचं आणि येईल त्याला अडवायचं. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो. अडवणाऱ्याचं नाव निघतं ते चुकल्यावरच. कलकत्त्यात एकदा त्याचा पाय घसरला नि गोल झाला. मॅनेजरनं त्याला तिथंच बाहेर काढलं, ते पुन्हा आत घेतलंच नाही. मग गोवा, मग मुंबई. कुठंच त्याची ट्रंक पुरती उघडली नाही.

गुडघा गेला तेव्हा सोलापूरच्या एका गिरणीनं त्याला आपल्या संघाचा कोच म्हणून बोलावलं. सत्याहत्तर साल होतं. कोच झाला, तरी मला सोडेना. पँटखाली मलाच घालून रेषेवर उभा राहायचा आणि राखीव खेळाडूंत स्वतःचं नाव द्यायचा. जेवतानाही पाय थरथरायचा.

"अवो, पाय हालवू नगासा की," त्याची बायको गोजाबाई म्हणायची. "आमटी सांडतीया."

"मी कुटं हालवतुया? त्योच हालतुय."

त्या हिवाळ्यात पुण्याच्या संघाशी अंतिम सामना पडला. आमचा स्टॉपर होता कल्लप्पा, गिरणीच्या साचेखात्यातला कामगार. त्यानं गोलीकडं चेंडू मागं दिला तो तोकडा पडला. मधेच पुण्याचा गडी घुसला. गोल!

बिरप्पानं स्वेटर भिरकावला. माझी नाडी करकचून आवळली. मी हरखून गेलो. "कल्लप्पा, भाईर ये!"

कल्लप्पा रेषेपर्यंत आला, पण ओलांडेना. "अण्णा, मी न्हाय येत."

"काय म्हंतुयास?"

"चुकी माजी हाय. आत्ता काडलंसा तर मी परत मैदानात पाय न्हाय ठेवणार. मला हितंच ऱ्हाऊ द्या."

पंच थांबलेला. माझं टोक चुन्याच्या रेषेवर होतं. बिरप्पाचा सगळा भार माझ्यावर आला. वाटलं, आता निघालोच. पण तो भार तसाच राहिला, नंतर हळूच मागं गेला.

"जा," तो म्हणाला. "पर त्या गड्याच्या पायाकडं बगू नगं. चेंडूकडं बग."

पुढं तोच गडी एकटा सुटून आला. कल्लप्पा धावला नाही. मागं सरकत राहिला, आणि नेमक्या वेळी चेंडू अलगद काढून घेतला. सामना मात्र आम्ही त्याच एका गोलनं हरलो.

कल्लप्पा गवतात बसून रडत होता. बिरप्पा त्याच्याशेजारी मांडी घालून बसला. मैदानात बसलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं माझी नाडी सोडली. "सकाळी लवकर ये," एवढंच म्हणाला. सकाळी तो चपला घालून गेला.

आता मी दाराआड खिळ्याला टांगलेला आहे. कल्लप्पाला मी होत नाही, त्याचा पाय मोठा. बिरप्पा दुपारचा घोरतो सुद्धा. पण मैदानावरून चेंडूचा आवाज आला की मला राहवत नाही. बाबांनो, कुणाचा पाय माझ्या मापाचा असेल तर गोजाबाईला नुसती हाक मारा. ती लगेच देईल. माझ्या खडखडीनं तिचा डोळा लागत नाही.